घरी चकाचक, हॉलमध्ये चौकोन: ऑनलाइन बनवलेलं प्रेझेंटेशन दरवेळी का फसतं?

तक्रार तीच असते, माणूस फक्त नवा असतो. कधी बी.एड.ची विद्यार्थिनी, कधी रावेरकडचा कृषी सेवा केंद्रवाला, कधी बचत गटांना मार्गदर्शन करणारी सीआरपी ताई. "घरी लॅपटॉपवर एकदम भारी दिसत होतं हो. तिथे लावलं आणि वाट लागली." वाट लागली म्हणजे काय, ते खोदून विचारलं की कळतं: जोडाक्षरं फुटली, व्हिडिओच्या जागी काळा डबा आला, शीर्षक स्लाइडबाहेर गेलं आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "काही दिखी नई ऱ्हायनं भो!"

आणि हा माणूस पुढच्या वेळी करतो काय? आणखी झगमगीत टेम्प्लेट शोधतो, जास्त ॲनिमेशन टाकतो. म्हणजे दुखणं पोटात आणि लेप पायाला. मी जळगावात डीटीपीची आणि प्रेझेंटेशनची जॉबवर्कची कामं करतो, त्यामुळे असल्या फाइली रोज समोर येतात. लोक कंटाळले म्हणून प्रेझेंटेशन पडलं असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ते आधी तांत्रिक कारणाने पडलेलं असतं. सांगणारा लॅपटॉपकडे वळून खुडबुड करत बसतो, तेवढ्यात समोरची माणसं आपापले मोबाईल काढतात. एकदा मोबाईल निघाले की ते परत खिशात जात नाहीत.

तेव्हा पहिला प्रश्न डिझाइनचा नाही. पहिला प्रश्न हा: तुमच्याकडून हॉलमध्ये नेमकं काय पोचतंय? लिंक, पीपीटीएक्स (पॉवरपॉइंटची फाइल), पीडीएफ की एमपी४ (व्हिडिओ)? कॅनव्हा असो वा गूगल स्लाइड्स, या ऑनलाइन सॉफ्टवेअरांत ब्राउझरमध्ये जी स्लाइड दिसते तिचा फॉन्ट एका सर्व्हरवरून आलेला असतो, व्हिडिओ दुसरीकडून. डाउनलोड करताना यातलं काय फाइलमध्ये आलं आणि काय नेटवरच राहिलं हे आपल्याला कुणी सांगत नाही. ते हॉलमध्ये कळतं.

अक्षरं बदलतात, तुटतात, चौकोन येतात

सगळ्यात जास्त तक्रारी याच, म्हणून इथे जरा थांबतो. अक्षरं बिघडण्याचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिघांचे उपाय वेगळे. लोक तिन्हींना "फॉन्ट उडाला" असंच म्हणतात.

पहिला प्रकार: अक्षरं वाचता येतात, पण घरी दिसत होती ती ही नाहीत. जाड होती ती बारीक झाली, दोन ओळींचं शीर्षक तीन ओळींचं झालं. याचं कारण बहुतेक वेळा टेम्प्लेटमध्येच असतं. टेम्प्लेट इंग्रजीसाठी बनवलेलं, फॉन्ट माँटसेरात किंवा रोबोटो. या फॉन्टांमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. तुम्ही मराठी टाइप केलंत की ब्राउझर गुपचूप आपल्या मर्जीने दुसरा एखादा देवनागरी फॉन्ट उचलतो. वरच्या पट्टीत नाव मात्र माँटसेरातच दिसत राहतं. घरच्या संगणकावर त्याने एक उचलला, कॉलेजच्या संगणकावर दुसरा. तुम्ही निवडलेला फॉन्ट दोन्हीकडे कधी वापरलाच गेला नव्हता.

ओळखायची युक्ती सोपी आहे. मराठी मजकूर निवडा आणि एकामागोमाग चार-पाच वेगळे फॉन्ट लावून बघा. अक्षराचं वळण बदलतच नसेल तर त्या फॉन्टांत देवनागरी नाही. मग सरळ देवनागरी असलेलाच फॉन्ट घ्या: मुक्ता, बालू, हिंद, पॉपिन्स, नोटो सॅन्स देवनागरी. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि उतरवून स्वतःच्या संगणकावर बसवता येतात. मुक्ता आणि बालू हे मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेले. मजकुरासाठी मुक्ता आणि शीर्षकासाठी बालू, एवढ्यावर माझं निम्मं काम भागतं. पुस्तकी धाटणीची अक्षरं हवी असतील तर टिरो देवनागरी मराठी बघा. ल आणि श यांची मराठी वळणं त्यात व्यवस्थित आहेत, हिंदी वळणाचा ल बघून ज्यांच्या डोक्यात तिडीक जाते त्यांची सोय.

पण लक्षात घ्या, फाइल पीपीटीएक्स करून दुसऱ्याच्या संगणकावर उघडणार असाल तर मुक्ता तिथे नसण्याचीच शक्यता जास्त. त्यावर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आपल्या विंडोज संगणकावर ती फाइल पॉवरपॉइंटमध्ये उघडायची, फाइलमधला फॉन्ट त्या संगणकावर आधी बसवलेला हवा, आणि 'फाइल'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये 'सेव्ह'खाली 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल'वर टिक करून सेव्ह करायची. समोर पॉवरपॉइंट नसून दुसरंच काही असेल तर मात्र या टिकचा भरवसा धरू नका. दुसरा रस्ता म्हणजे मुळातच निर्मला यूआय वापरायचा. विंडोज ८ पासून तो प्रत्येक विंडोजमध्ये असतोच. दिसायला साधा आहे, पण दगा देत नाही. 'मंगल तर सगळीकडे असतो' हा समज आता जुना झाला. विंडोज १० पासून मंगल हा वेगळा उतरवून घ्यायच्या जादा फॉन्टांमध्ये गेला आहे.

दुसरा प्रकार: बाकी सगळं ठीक, ठरावीक अक्षरंच फुटतात. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'ॲप'मधल्या 'ॲ'च्या जागी चौकोन येतो, 'उद्घाटन'मधले द आणि घ पाय मोडून वेगवेगळे उभे राहतात. आपल्याकडे याची जास्त झळ बसते, कारण खानदेशातल्या अहिराणी बोलीत 'ऱ्ह' पावलोपावली येतो. 'काय करी ऱ्हायना', 'जाई ऱ्हायनू' असं शीर्षक टाकलं की धुळे-नंदुरबारकडची सभा हसून लगेच आपली होते, पण पडद्यावर तेच 'र्हायना' म्हणून आलं तर मजा गेली. इथे दोष दोन ठिकाणी असू शकतो. एक तर टाइप करतानाच साधा र घेतलेला असतो. ऱ्य, ऱ्ह यांसाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा आणि मग हलन्त देऊन पुढचं अक्षर. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर तो शिफ्ट दाबून जे या कळीवर आहे. नाही तर फॉन्ट जुना असतो. 'अ'वर चंद्र असलेलं 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं. त्याच्या आधीच्या फॉन्टांना ते माहीतच नाही, ते चौकोन दाखवणार.

म्हणून कुठलाही नवीन फॉन्ट घेतला की मी आधी ही ओळ टाकून बघतो: 'दुसऱ्या ॲपवर राष्ट्रीय कार्यक्रमाचं उद्घाटन होई ऱ्हायनं.' अर्थाने ओळ येडपट आहे, पण जे फुटायचं ते हिच्यातच फुटतं.

याच प्रकारातला एक लबाड भाऊ आहे. शब्दाची शिरोरेषा तुटलेली दिसते, प्रत्येक अक्षर सुटं, मध्ये फटी. हा फॉन्टचा दोष नाही. इंग्रजी टेम्प्लेटात शीर्षकाची अक्षरं मुद्दाम लांब-लांब ठेवलेली असतात, ती सेटिंग मराठीला लागू होते आणि रेषा तुटते. कॅनव्हात मजकूर निवडून 'स्पेसिंग'मध्ये 'लेटर स्पेसिंग' शून्य करा. तिथेच ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, कारण इंग्रजीला वर वेलांटी आणि खाली उकार नसतात, आपल्याला असतात. 'र्कीं'सारखं काही आलं की वरच्या ओळीचे पाय आणि खालच्या ओळीचं डोकं एकमेकांत घुसतं.

तिसरा प्रकार: सगळंच रद्दी. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस, स्वल्पविराम यांचा काला. ही जुन्या फॉन्टांची करणी. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएममधला डीव्हीबी-टीटी सुरेख, यांच्यात टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजीच असतो, फॉन्ट फक्त त्याला मराठीचा चेहरा देतो. जिथे तो फॉन्ट नाही तिथे चेहरा गळून पडतो. ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये तो नसणारच. सरकारी आणि संस्थांच्या जुन्या फाइलींतून मजकूर कॉपी-पेस्ट केला की हे हमखास होतं. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या, त्यासाठीचे कन्व्हर्टर नेटवर मिळतात. पण रूपांतर झालं म्हणून डोळे मिटून पुढे जाऊ नका. रफार, ऱ्या आणि आकडे या तीन जागी कन्व्हर्टर चुकतात. आकड्यांकडे विशेष लक्ष द्या. अनुदानाच्या रकमेत एक शून्य इकडचं तिकडे झालं तर सभेत भलताच गोंधळ उडतो.

व्हिडिओच्या जागी काळा डबा

ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये यूट्यूबचा व्हिडिओ टाकणं एका क्लिकचं काम. पण तो टाकला जात नाही, फक्त त्याचा पत्ता लिहिला जातो. नेट असेल तर तो पत्त्यावर जाऊन व्हिडिओ आणेल. धडगाव-मोलगीच्या बाजूला, तोरणमाळच्या वाटेवर किंवा अगदी गावातल्या जाड भिंतींच्या शाळेतही नेटची खात्री नाही, हे आपल्याला माहीत असतं आणि तरी आपण तोच पत्ता घेऊन जातो.

गूगल ड्राइव्हवरच्या व्हिडिओचं आणखी एक. तो तुमच्या खात्यावर असतो, म्हणून तुम्हाला दिसतो. स्लाइड्स सगळ्यांसाठी खुल्या केल्या तरी व्हिडिओची परवानगी वेगळी द्यावी लागते. तिथे 'रिस्ट्रिक्टेड' राहिलं असेल तर दुसऱ्याच्या खात्यावर तो चालणार नाही.

उपाय एकच: स्वतः काढलेला व्हिडिओ फाइल म्हणून पॉवरपॉइंटमध्ये टाकायचा. टाकताना 'लिंक टू फाइल' नाही, नुसतं 'इन्सर्ट'. मग तो पीपीटीएक्सच्या पोटात जातो. तरीही काळा डबा आला, किंवा आवाज येतो पण चित्र नाही, तर फोनकडे संशयाने बघा. आजकालचे बरेच फोन जागा वाचवायला एचईव्हीसी पद्धतीने चित्रण करतात, आणि जुन्या संगणकाला ते उलगडता येत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६४ निवडून ठेवा. चित्रण आधीच होऊन गेलं असेल तर घाईतला तोडगा म्हणजे तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून परत उतरवून घ्यायचा. चित्र थोडं मऊ पडतं, पण सहसा चालतं.

गूगल स्लाइड्स ऑफलाइन चालतात ना, असं कुणी विचारेल. चालतात. क्रोममध्ये 'गूगल डॉक्स ऑफलाइन' हे एक्स्टेन्शन घालून, त्या फाइलवर 'अव्हेलेबल ऑफलाइन' चालू करून ठेवलं तर. पण ती सोय त्याच लॅपटॉपपुरती. घरच्या संगणकावर चालू केली आणि कॉलेजच्या संगणकावर शोधत बसलात तर सापडणार नाही. आणि यूट्यूबचा व्हिडिओ त्यातही येत नाही.

मागच्या रांगेला दिसत नाही

इथे अर्धा दोष जागेचा असतो. आपल्याकडचे मेळावे एसी सभागृहात कमी आणि मंडपात, शाळेच्या वऱ्हांड्यात, मंगल कार्यालयात जास्त. सकाळी अकराची वेळ, तिन्ही बाजूंनी उजेड. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं. तो फक्त उजेड टाकतो. स्लाइडवरचा काळा भाग म्हणजे जिथे प्रोजेक्टरने काहीच टाकलं नाही ती जागा, म्हणजे त्या उजेडात पांढरा पडदा जेवढा राखाडी दिसतो तेवढाच तुमचा 'काळा'. म्हणून गडद निळ्या-काळ्या टेम्प्लेटवरची नाजूक सोनेरी अक्षरं लॅपटॉपवर राजेशाही दिसतात आणि मंडपात राखाडीवर राखाडी होतात. उजेडात पांढरी पार्श्वभूमी आणि ठसठशीत काळी किंवा गडद निळी अक्षरं. पिवळा, पोपटी, फिका केशरी पांढऱ्यावर नको. रंगांचा फरक मोजणारी साधनं नेटवर आहेत. वेबसाठीचा प्रचलित निकष साध्या मजकुराला ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ असा आहे, मंडपासाठी त्याच्याही बरंच वर राहा.

अक्षराचा आकार तपासायला टेप नको. सगळ्या स्लाइड्स छोट्या-छोट्या चौकटींत दिसतात तो ग्रिड व्ह्यू उघडा. त्या चौकटीत जे वाचता येत नाही ते शेवटच्या रांगेतूनही वाचता येणार नाही.

आता उरलेला अर्धा दोष, आणि तो आपल्या मजकुराचा. एक उदाहरण देतो, कारण असली स्लाइड मी असंख्य वेळा पाहिली आहे. केळी लागवडीचं मार्गदर्शन. स्लाइडवर एक कोष्टक: अंतर, एकरी रोपं, खत, ठिबक, खर्च, उत्पन्न, वर दोन लोगो, खाली आभार, आणि कोपऱ्यात स्टॉकमधून घेतलेला टोपीवाला परदेशी शेतकरी. सांगणारा कोष्टक वाचून दाखवतो. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी बापजाद्यांपासून केळी केलेली. त्यांना वाचून काय दाखवायचं?

त्या कोष्टकातली एकच ओळ उचला. स्लाइडवर फक्त प्रश्न: '५ बाय ५ फुटांवर एकरी किती खोडं?' थांबा. कुणी सतराशे म्हणेल, कुणी अठराशे. पुढची स्लाइड: १,७४२. त्याखाली लहान अक्षरात हिशोब, ४३,५६० चौरस फूट भागिले २५. तिसरी स्लाइड: '६ बाय ५ केलं तर?' चौथी: १,४५२. म्हणजे २९० खोडं कमी. आता तुम्हाला काही बोलावं लागत नाही. एकजण म्हणणार, मधून ट्रॅक्टर जातो ते कुठे धरलं? दुसरा म्हणणार, हवा खेळती राहिली की करपा कमी. सभा तापली. या चार स्लाइडींना ॲनिमेशन लागलं नाही, रंग दोनच लागले, आणि पीडीएफ केली तरी काही बिघडलं नाही.

करपा आला म्हणून फोटोंचंही सांगतो. केळीच्या पानांवरच्या या रोगाची सुरुवात बारीक पिवळट ठिपक्यांनी होते, मग शिरांना समांतर रेघा, त्या तपकिरी होतात, मधोमध राखाडी. शेतकऱ्याला बघायचा असतो तो पहिला ठिपका, कारण तेव्हाच काही करता येतं. पण स्लाइडवर काय असतं? अख्खं झाड, पुढे हसणारे चार पाहुणे. ठिपका कुठे? पानाच्या अगदी जवळ जाऊन फोटो घ्या, सावलीत घ्या, आणि अख्खी स्लाइड त्या एका फोटोने भरा. वर मजकूर नको. फिका पिवळा रंग प्रोजेक्टरवर सगळ्यात आधी उडतो, म्हणून त्या फोटोचा कॉन्ट्रास्ट थोडा वाढवून ठेवा. एवढा वाढवू नका की निरोगी पानही रोगट दिसेल.

एआयने चित्र काढून मिळतं म्हणून हल्ली कुणी केळीची बागसुद्धा एआयकडून मागवतो. त्यातल्या पाट्यांवरचं मराठी बघा एकदा. बऱ्याचदा जगात कुठल्याच लिपीत ती अक्षरं नसतात. आणि घड उलटा लटकला असेल तर ते आपल्या लोकांच्या लगेच लक्षात येतं, मग पुढचा अर्धा तास चर्चा घडाचीच.

कडा कापल्या जातात, काळ्या पट्ट्या येतात

कॅनव्हाचं प्रेझेंटेशन १९२० बाय १०८०, म्हणजे १६:९. शाळा-कॉलेजांतले बरेच जुने प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८, म्हणजे ४:३. त्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या येणार आणि चित्राला पडद्याचा फक्त ७५ टक्के भाग मिळणार. हा बिघाड नव्हे, घाबरू नका. बिघाड तेव्हा होतो जेव्हा कुणी आदल्या रात्री गूगल स्लाइड्सच्या 'पेज सेटअप'मध्ये जाऊन आकार बदलतो आणि सगळ्या वस्तू ताणल्या-सरकल्या जातात. आकार पहिल्या स्लाइडच्या आधी ठरवा. त्यासाठी आयोजकांना एक फोन पुरतो: प्रोजेक्टर आहे की टीव्ही, आणि वायर कोणती, एचडीएमआय की व्हीजीए? व्हीजीए असेल तर आवाज त्या वायरीतून जात नाही, स्पीकरची वेगळी पिन न्यावी लागते. 'व्हिडिओ चालतो पण आवाज नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

टीव्हीवर चारही कडा कापल्या गेल्या तर टीव्हीच्याच चित्राच्या सेटिंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' असं काहीतरी सापडेल. मोठ्या पडद्यावर तुमच्या नोट्स आणि लॅपटॉपवर स्लाइड, असं उलटं झालं तर पॉवरपॉइंटच्या प्रेझेंटर व्ह्यूमध्ये 'डिस्प्ले सेटिंग्ज' दाबून 'स्वॅप' करा. पडद्यावर काहीच येत नसेल तर विंडोजची कळ आणि पी दाबा, 'डुप्लिकेट' निवडा.

मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये प्रोजेक्टर मधेच बंद पडला तर तो फाइलचा दोष नाही. तापला की तो स्वतःच बंद होतो. जाळी साफ करा, भोवती जागा सोडा, इको मोड लावा, आणि गार झाल्याशिवाय पुन्हा-पुन्हा बटण दाबू नका.

प्रोजेक्टरच नाही, टीव्ही आहे आणि लॅपटॉपही नाही

जिल्हा परिषदेच्या शाळांत ही स्थिती खूपदा असते, आणि खरं तर ती सोयीची आहे. पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावायचा. टीव्हीला पीपीटी कळत नाही, पण फोटो आणि एमपी४ कळतात. कॅनव्हातून सगळी पानं जेपीजी म्हणून उतरवा. ती १, २, ३ अशा नावांनी येतात आणि टीव्ही त्यांना १, १०, ११, २ अशा क्रमाने दाखवू शकतो. म्हणून नावं ०१, ०२, ०३ अशी करून घ्या. पॉवरपॉइंटमधून जेपीजी काढल्यावरही हाच घोळ होतो. गूगल स्लाइड्समध्ये जेपीजी एका वेळी एकाच स्लाइडची मिळते, तिथून आधी पीपीटीएक्स करून मग पॉवरपॉइंटमधून काढलेलं बरं. पेन ड्राइव्ह टीव्हीला दिसतच नसेल तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, आतलं सगळं आधी दुसरीकडे ठेवून. एफएटी३२ वर एक फाइल ४ जीबीच्या आतच लागते, पण तुमचा व्हिडिओ तेवढा मोठा असेल तर तो दाखवूच नका.

एमपी४ केलं तर प्रत्येक स्लाइड ठरावीक सेकंदांनी पुढे पळते. पॉवरपॉइंटमध्ये ते मुळात ५ सेकंद असतं. माणूस बोलणार असेल तर ५ सेकंदांत काही होत नाही, त्यामुळे बोलायचं असेल तिथे जेपीजी, आणि प्रदर्शनातल्या स्टॉलवर आपोआप फिरत ठेवायचं असेल तिथे एमपी४.

ॲनिमेशन गायब

कॅनव्हातली हालचाल पीडीएफमध्ये येत नाही. पीपीटीएक्समध्येही सगळी येईलच असं नाही. एकेक मुद्दा पुढे आणायचा असेल तर ॲनिमेशनऐवजी स्लाइडची नक्कल करा, कंट्रोल आणि डी, आणि प्रत्येक नकलेत एक-एक गोष्ट वाढवत न्या. पानं वाढतात, पण कुठल्याही यंत्रावर ते तसंच चालतं. वर केळीच्या खोडांचं केलं ते हेच.

फाइल ईमेल केली होती, तरी उघडत नाही

फोनचा फोटो बहुतेक वेळा १२ मेगापिक्सेलचा असतो. स्लाइडला साधारण २ मेगापिक्सेल पुरतात. म्हणजे प्रत्येक फोटोत सहापट ओझं आपण फुकट वाहतो, आणि तीस-चाळीस फोटोंत फाइल शंभर एमबीच्या पुढे जाते. जीमेलची मर्यादा २५ एमबी. त्याच्या वर गेलं की जीमेल फाइल जोडत नाही, ड्राइव्हवर चढवून तिची लिंक पाठवतो. पाठवणाऱ्याला वाटतं फाइल गेली. उघडणाऱ्याला नेट लागतं, परवानगी लागते, आणि 'रिक्वेस्ट ॲक्सेस'ची पाटी दिसते. पॉवरपॉइंटमध्ये फोटोवर क्लिक करून 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये १५० पीपीआय निवडा, सगळ्या फोटोंना लागू करा, फाइल चांगलीच बारीक होते.

माझ्या गिऱ्हाइकांना मी पेन ड्राइव्हवर एकाच फोल्डरमध्ये पीपीटीएक्स, पीडीएफ आणि व्हिडिओ सुटा असं तिन्ही देतो. हॉलमध्ये उघडताना आधी पीपीटीएक्स. जोडाक्षरं फुटलेली दिसली की दुरुस्ती करत बसायचं नाही, लगेच पीडीएफ उघडून कंट्रोल-एल दाबायचं, ॲक्रोबॅट रीडरमध्ये ती पूर्ण पडद्यावर येते. व्हिडिओची वेळ आली की तो वेगळा लावायचा. लाइट जाण्याची भीती असेल तर एका पानावर सहा स्लाइड अशा छापलेल्या प्रती सोबत असू द्या. झेरॉक्सचा खर्च होतो, पण लोक त्या घडी करून घरी नेतात.

आणि लिंकवरूनच दाखवायची वेळ आली तर लॉगिनचं आधी बघून घ्या. दुसऱ्याच्या संगणकावर जीमेल उघडायला गेलं की गूगल फोनवर खात्री मागतो, आणि फोनला रेंज नसेल तर तिथेच गाडी अडते. स्लाइड्स 'एनीवन विथ द लिंक'ला बघण्यापुरत्या खुल्या ठेवल्या तर लॉगिनची गरजच पडत नाही. लॉगिन करावंच लागलं तर इन्कॉग्निटो खिडकीत करा आणि काम झाल्यावर सगळ्या खिडक्या बंद करा. गडबडीत खातं तिथेच उघडं राहिलं असेल तर घरी येऊन गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी'त 'युअर डिव्हाइसेस' उघडा, कॉलेजचा तो संगणक शोधा आणि तिथून साइन आउट करा.